कुंकू लावलेलं कॉम्प्युटरचं पुस्तक

गेल्या महिन्यात कर्जतच्या बाजारात मी जन्मात पहिल्यांदा पुस्तक विकत घेतलं... तेही कॉम्प्युटरचं. हसा. मी तिसरी नापास, तेव्हा हसायचा हक्क आहे तुम्हाला.

झालं असं, माझी सून मनीषा खालापूरकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिला स्टोअरच्या ऑफिसात घेतलं, मालाची आवक-जावक लिहायला. मग तिथं नवीन सॉफ्टवेअर आलं... महिन्याभरात शिकली तर खुर्ची, नाही तर परत पॅकिंगला दिवसभर उभी. तिचे पाय संध्याकाळी कसे सुजायचे ते मी बघितलंय.

फोनवर व्हिडिओ बघायची. पण त्यातला माणूस गाडी सुटत असल्यासारखा बोलतो. "कुठं दाबलंस रं बाबा" म्हणेपर्यंत तो पुढच्या गावाला. मी म्हटलं, पुस्तक घेऊ... पुस्तक आपण म्हणू तिथं थांबतं.

हे मला ठाऊक, कारण मी शिवण पुस्तकावरूनच शिकले, अक्षराला अक्षर जोडत. आमच्या ह्यांनी जुनी मशीन आणली, सोबत एक पातळ पुस्तक आणलं, ब्लाउज-परकराचं. माणूस बोलायला कंजूष. दोन्हीला हळद-कुंकू लावून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "शिक." जन्मभराचं कौतुक त्या एका शब्दात उरकलं.

त्या पुस्तकाची शेवटची पानं मला पाठ होती. गळा उघडा पडला तर काय, बाही ओढली गेली तर काय... शिवायचं कसं ते कोणीही सांगतं हो. बिघडल्यावर काय करायचं ते सांगेल ते पुस्तक खरं.

म्हणून बाजारातल्या नसीमभाभीच्या पुस्तकांच्या दुकानात मनीषानं जाडजूड, चकचकीत पुस्तकं काढली तेव्हा मी एकच विचारत राहिले, "चुकलं तर काय करायचं, ते कुठल्या पानावर हाय?" जाड्यांत काही सापडेना. एका पातळ पुस्तकात अख्खा धडा त्याचाच, सोप्या मराठीत. तेच घेतलं.

घरी येऊन ब्राउन पेपरचं कव्हर घातलं, पहिल्या पानावर हळद-कुंकू लावलं. विधवेच्या हातचं चालतं का, असं कमेंटमध्ये कोणी विचारू नका. पुस्तकाला चाललं.

सोमवारी मनीषा तोंड पाडून आली. पुस्तकात चित्र एक, ऑफिसच्या स्क्रीनवर दुसरंच... पुस्तक जुन्या सॉफ्टवेअरचं निघालं. भाताचं बियाणं कुठल्या सालचं ते आधी विचारणारी, मूठभर ओल्या फडक्यात बांधून मोड बघणारी मी... पुस्तकाचं साल बघायचं काही सुचलं नाही.

परत गेलो. नसीमभाभीनं पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"मावशी, कोरं असतं तर बदलून दिलं असतं. कुंकू लावलेलं मी कोणाला विकू?"

बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, राहू दे, दुसरं दाखव.

या वेळी मी स्टुलावर गप्प बसले. मनीषानं ऑफिसच्या स्क्रीनचा फोटो काढून आणला होता. तो एकेका पुस्तकाशी ताडून बघत होती... आणि मग हळूच शेवटाकडची पानं चाळायला लागली. चुकलं तर काय, ते शोधत. मी भाभीकडं बघून नुसती भुवई उडवली.

तिनं निवडलेलं पुस्तक घरी आलं तेव्हा कुंकवाची डबी मी फळीवरून काढलीच नाही. म्हटलं, आधी मोड येऊ दे.

महिना भरत आला तेव्हा एक दिवस तिनं ऐंशी खोक्यांची आवक आठशे लिहून टाकली. आधीची मनीषा रडत साहेबाकडं गेली असती. हिनं पान काढलं, चूक निस्तरली, आणि मग साहेबाला जाऊन सांगितलं. खुर्ची तिचीच राहिली.

संध्याकाळी घरी आली ती चपला काढायच्या आधी पुस्तक माझ्यापुढं धरलं.

"आई, आता लावा कुंकू."

हात धुतले, लावलं. माझ्या शिवणाच्या पुस्तकाशेजारी ठेवून दिलं.

आमचे हे असते तर एकच शब्द बोलले असते... "शिकली."