दुखेल तितकं दाबा
काल मोरी धुताना फिनेलचा वास घरभर पसरला आणि मला नाशिकच्या इस्पितळातली बायकांची खोली आठवली. चौतीस सालचा चैत्र होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर पत्नीला ताप येऊ लागला आणि बाराव्या दिवशी तो एकशे तीनवर गेला. दुखतंय कुठे, तेच कळत नव्हतं. डॉक्टर विचारत, मीही दिवसातून चारदा विचारी, "बरं आहे ना?" ती म्हणे, "बरं आहे." उशाशी माझे वडील पगडी मांडीवर घेऊन बसलेले असत, सासऱ्यांसमोर पोटाचं दुखणं कोणती सून सांगणार? त्या दुपारी एक पोक्त नर्स आली. तिने कुणाला उठवलं नाही. चादरीखाली पत्नीच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, तोंडानं काही सांगू नका. दुखेल तितकं बोट दाबा." मग दुसऱ्या हाताने ती पोट चाचपत गेली. ओटीपोटाच्या उजव्या बाजूला हात पोचताच तिच्या भुवया आक्रसल्या आणि ती तडक डॉक्टरांकडे गेली. दिवेलागणीच्या आत आतलं गळू कापून पू काढला, ताप उतरू लागला. मी आभार मानायला गेलो, तर नर्स बोट चोळत म्हणाली, "दादा, 'बरं आहे ना' असं विचारल्यावर ती बिचारी दुसरं काय सांगेल?" लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आज आम्ही दोघं पन्नाशीच्या आसपास आहोत. ती गप्प दिसली की मी "कुठे दुखतंय?" एवढंच विचारतो, आणि ती सांगेपर्यंत जागचा हलत नाही.