क्लबहाउसातलं वस्त्रदान

मंदारगंध सोसायटीला एकाच बैठकीत दोन साक्षात्कार झाले. एक, आपण फार दानशूर आहोत. दोन, सरुबाईमुळे सोसायटीची शोभा जाते.

कोथरूडच्या या सोसायटीत सरुबाई बावीस वर्षं येत होती. ती बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलचं भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. कपडे घरी नेऊन धुवायचे, उसवलेलं शिवायचं, बटणं लावायची आणि जुन्या बाजारात नाहीतर मार्केट यार्डातल्या हमालांना विकायचे. हमाल शर्टाचा रंग बघत नाही, खांदा बघतो. म्हणून सरुबाईही शर्ट हातात आला की आधी खांदा ताणून बघायची. तो शर्ट कुठल्या मोठ्या साहेबाच्या अंगावरचा आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

अध्यक्ष श्रीनिवास करंदीकर निवृत्त झाले आणि घरी कुणी विचारेना म्हणून सोसायटी सुधारायला निघाले. त्यांनी वॉचमनला सांगून सरुबाईला फाटकातच अडवलं आणि क्लबहाउसात ‘वस्त्रदान’ लिहिलेला खोका ठेवला. दोन महिन्यांत खोका भरून वाहिला, मग खोली भरली. भांडं मिळायचं तेव्हा याच घरांतून धुतलेली, घडी घातलेली साडी यायची. पुण्य मिळणार म्हटल्यावर लोकांनी पायपुसणीसुद्धा सोडली नाहीत. इलॅस्टिक गेलेल्या चड्ड्या, एकेकटे मोजे, शाळेच्या गॅदरिंगमधला वाघाचा पोशाख, शेपटीसकट. गरिबाने वाघ होऊन काय करायचं, हे दात्यालाच ठाऊक.

वाघोलीहून एका संस्थेचा टेम्पो आला. संस्थेच्या मुलीने तीन पिशव्या उघडल्या, चौथीला हात लावला नाही. “सर, आमच्याकडचे लोक गरीब आहेत, घाणेरडे नाहीत,” एवढं बोलून तिने टेम्पो रिकामा परत नेला. येत्या रविवारी त्याच क्लबहाउसात कुणाच्या तरी नातवाचं बारसं होतं. तेव्हा कुठे अध्यक्षांना सरुबाईची आठवण झाली.

निरोप मिळताच ती भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन आली. तिचा निम्मा धंदा या एका फाटकावर होता आणि दोन महिने तो बुडाला होता. फाटक परत मिळवायचंच, असं ठरवूनच ती आली होती.

“अहो बाई, पाटी कशाला आणलीत?” करंदीकर म्हणाले. “हे सगळं तुम्हाला दिलं. फुकट.”

बावीस वर्षांत सरुबाईने या सोसायटीतून एक चिंधीही फुकट नेली नव्हती. आज फुकट उचललं की उद्या भांड्याच्या बदल्यात कोण देईल? मग ती बोहारीण राहणार नाही, कचरा उचलणारी होईल. तीही हात जोडून.

तिने पाटी खाली ठेवली, फतकल मारली आणि कपडे निवडायला घेतले. खांदे ताणले, साड्या उजेडात धरल्या. वीस-पंचवीस नग एका बाजूला काढले आणि उरलेला डोंगर पायाने मागे सारला.

“निवडताय काय? भाजी आहे का ही? सगळं न्या.”

“कचऱ्याला घंटागाडी येती की, साहेब.”

समितीतल्या दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. करंदीकरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण त्यांना फोटोची घाई होती. सोसायटीच्या ग्रुपवर दानाचा फोटो टाकायचा होता. सगळे ओळीत उभे राहिले. अध्यक्षांनी त्यातल्या त्यात बरी साडी दोन्ही हातांवर घेतली आणि चेहऱ्यावर उपकाराचं हसू आणलं. सरुबाई पुढे झाली. तिने एका हाताने साडी उचलली आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या रिकाम्या झालेल्या ओंजळीत पाटीतला स्टीलचा डबा ठेवला. नेमका तेव्हाच फोटो निघाला आणि काढणाऱ्याने न बघताच ग्रुपवर टाकला. बोहारणीपुढे दोन्ही हात पसरून डबा घेणारे अध्यक्ष दीडशे घरांनी पाहिले. पहिलं ‘अभिनंदन’ अर्ध्या मिनिटात आलं.

“ही काय भानगड?” करंदीकर लाल झाले. “डबा परत घ्या. हे दान आहे!”

“तुमचं दान आसंल, माझा धंदा हाय. डबा परत घेतला तर कापडं बी हितंच ऱ्हातील.”

मग ओळीतून अध्यक्षांच्या पत्नी भाग्यश्रीताई पुढे आल्या. आता आपला पाणउतारा होणार म्हणून सरुबाईने मान ताठ केली. ताईंनी नवऱ्याच्या हातातून डबा घेतला, उलटा केला, बुडावर नखाने टकटक केलं.

“एवढ्या कपड्यांवर हा एवढासाच? ते काही चालायचं नाही. तो खालचा मोठा काढा.”

“अहो, काय करताय तुम्ही?” करंदीकर ओरडले.

“तुम्ही गप्प बसा हो, तुम्हाला यातलं काही कळत नाही.”

सरुबाईने पाटी पुढ्यात ओढली आणि ऐसपैस बसली. दोन महिन्यांनी या सोसायटीत घासाघीस सुरू झाली होती.

“मोठ्याला आजून दोन साड्या पडतील, ताई. धड असलेल्या. घरातनं आना.”

भाग्यश्रीताईंनी ओळीतल्या लोकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“आज आणते. पण पुढच्या वेळेपासून थेट वर घरीच येत जा. इथे चारचौघांत घासाघीस बरी दिसत नाही.”