म्हशीमार्फत बोलणारी

“सांग तुझ्या मालकिणीला, हातच चालत न्हाय तर म्हैस कशाला पाळती म्हणावं.” हे शेजारीण माझ्या म्हशीला सांगायची. मी तिथंच, हातभर अंतरावर उभी असायची.

मंगळवार पेठेत आमच्या दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, आणि अबोला कैक वर्षांचा. माझ्या गोठ्याचं पाणी तिच्या उंबऱ्याकडं वाहतं, एवढ्यावरून. अशी शेजारीण तुमच्याही नशिबी आली असेल तर जास्त सांगायला नको. मला ती बाई डोळ्यांसमोर नको व्हायची.

अंगठा आत मुडपून धार काढायची माझी पहिल्यापासूनची सवय. त्यानंच अंगठ्याची शीर मनगटापाशी सुजली. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि धार, धुणं, भाकरी सगळं बंद केलं. नवरा धारेला बसला आणि लाथ खाऊन उठला. संध्याकाळपर्यंत कास दगडासारखी झाली, म्हैस ओरडायला लागली. तेव्हा ही बाई न विचारता आत आली, कास धुतली आणि धारेला बसली. माझा नुसता तिळपापड झाला.

मग रोज दोन्ही वेळा ती आणि तिचे टोमणे. “असली वैरण आमच्या म्हशीनं तोंडात धरली नसती की.” मीही कमी नव्हते. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, “सांग तिला, धार काढ आणि वाटेला लाग.”

तिच्या लेकानं तिची म्हैस विकून गोठ्यात मोटारसायकल लावायला सुरुवात केली होती. धार झाली तरी ती माझ्या म्हशीच्या अंगावरून हात फिरवत बसायची. ते बघितलं की धड भांडताही येईना.

हात बरा झाला असं डॉक्टर म्हणाले, तरी धारेच्या वेळी मी पट्टा चढवायची. एका सकाळी ती म्हशीला म्हणाली, “भाकऱ्या थापल्याचा आवाज आला मला भिंतीतनं. ढोंगी हाय तुझी मालकीण.” आणि धारेला बसली. मी पाण्याची बादली तिच्याकडं सरकवली.

दिवाळीनंतर तिच्या लेकाची बदली जयसिंगपूरला झाली. त्यानं तिलाही नेलं. जाताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गोठ्यात जाऊन म्हशीला तेवढं “नीट ऱ्हा” म्हणाली.

त्या संध्याकाळी मी पट्टा न बांधता धारेला बसले. म्हशीनं पान्हा चोरला. दाराकडं मान वळवून उभी राहिली. त्या बाईसाठी मला रडू आलं, याचा मला अजून राग येतो.