खंडेनवमीचं चालतं यंत्र

धुण्याचं मशीन थांबताना थरथरलं, की उचगावच्या फाउंड्रीतले आमचे मालक आठवतात. तिथलं वाळू चाळायचं यंत्र पूर्ण वेगात शांत चालायचं. बंद केलं, की वेग उतरताना मध्येच त्याचा शेडशी ताल जुळायचा आणि पत्रे हलायचे.

"ब्रेक बसवू या, म्हणजे झटकन थांबेल," मी म्हणालो.

"बंद करताना हालतंय न्हवं? मग बंदच करू नका की," मालक म्हणाले.

खंडेनवमीला लोक यंत्रं थांबवून पूजतात. या शहाण्यानं चालत्या यंत्राला हार घातला. तेवढ्यात लाइट गेली. यंत्र थांबता थांबता शेड गदागदा हलली आणि एक पत्रा पूजेच्या ताटावर आदळला.

"लाइटवाल्यांनी घात केला बघा," मालक म्हणाले.

तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाटतं, पत्रा माझ्या डोक्यात पडला असता, तरी ते हेच म्हणाले असते.