कीटक मधोमध, दोरी कोपऱ्यात

माझे वडील कोणताही कागद कोपऱ्यापासून वाचतात. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथे नकाशा हाती आला की आधी चौकट तपासायची, मग खालच्या उजव्या कोपऱ्यातला मजकूर, आणि धरण सगळ्यात शेवटी. निवृत्तीनंतर धरणं गेली, सवय राहिली. लग्नपत्रिका आली तर आधी छापखान्याचं नाव वाचतात, मग ‘कृपया आहेर आणू नये’, मग कार्यालयाकडे जायचा रस्ता. नवरानवरी कोण हे बहुतेक वेळा आम्हालाच सांगावं लागतं. या सवयीची मी लहानपणापासून यथेच्छ थट्टा केली आहे.

त्यांची दुसरी सवय बढती नाकारण्याची. बढती म्हणजे बदली, आणि आईला कराड सोडायचं नव्हतं, म्हणून ते एकाच खुर्चीत म्हातारे झाले. कॉलेजात असताना मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो की तुमच्यात महत्त्वाकांक्षाच नाही. ते ‘असेल’ म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत बसले. आई गेल्यावरही ते कराडलाच आहेत, एकटे.

मी मात्र महत्त्वाकांक्षी. बँकेत अधिकारी झालो, आणि दर दोन-तीन वर्षांनी बँकेला कुठल्यातरी लांबच्या गावी माझी अतोनात गरज भासू लागली. चौथं शहर कोलकाता. ऑफिस एस्प्लनेडला आणि घर बेहालात, एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर. वर मालकीणबाई राहतात. सगळी गल्ली त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणते म्हणून मीही म्हणतो. घरामागे छोटं परस आहे. एक पेरूचं झाड, मासीमांच्या फुटक्या कुंड्या, आणि झाडापासून न्हाणीघराच्या गजापर्यंत बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी. ती दोरी माझ्या बायकोने बांधली होती.

बायको आयटीत. माझ्या प्रत्येक बदलीत तिने खोकी भरली, नवा दूधवाला शोधला आणि स्वतःसाठी नवी नोकरीही शोधली. हे सगळं तिने निमूटपणे केलं असं म्हणायचा मोह होतो, पण निमूटपणा हा तिचा गुण नव्हे. गेल्या मे महिन्यात तिला कंपनीने मोठं पद देऊ केलं, बंगळूरला. मी लगेच विचारलं, मग माझ्या पोस्टिंगचं काय?

ती म्हणाली, “तुझ्या चार बदल्यांना मी आले. माझ्या एका बदलीला तू ये.”

यावर मी हसलो. विनोद वाटून हसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, पण तो विनोद नाही हे मला चांगलंच कळलं होतं. जूनमध्ये ती गेली. थोडे दिवस बघू, असं ठरलं. काय बघायचं ते ठरलं नाही.

वडिलांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मी एकट्यानेच ठरवलं. ज्या माणसाला आपण महत्त्वाकांक्षा शिकवायला गेलो, त्याला जाऊन सांगायचं की बदल्यांपायी बायको निघून गेली? मी बायकोलाही सांगून ठेवलं की बाबांना इतक्यात बोलू नकोस. ती म्हणाली, तुझे वडील आहेत, तुझं तू बघ. ती रविवारी त्यांना फोन करायची, गुडघा कसा आहे वगैरे विचारायची, आणि ती कुठून बोलतेय हे ते विचारत नसत. मी फोनवर ‘आम्ही मजेत’ म्हणायचो. ‘आम्ही’ म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

रिकाम्या घरात सकाळ फार लांब असते. चहा घेऊन मी परसात बसू लागलो, आणि पावसाळ्यात कळलं की इथे मी एकटा मुळीच नाही. कुंडीत आपोआप उगवलेल्या गारवेलीच्या पानावर शर्टाच्या बटणापेक्षा लहान असा एक भुंगेरा बसायचा, अंगावर सोन्याचा पत्रा ठोकलेला. बोट लावलं की रागाने तपकिरी व्हायचा. पेरूच्या फांदीवर शिंगं असलेले तुडतुडे होते. भिंतीवर शेवाळासारखं दिसणारं काहीतरी होतं, ते एकदा चालायला लागलं. मी मोबाइलने त्यांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू लागलो.

त्या ग्रुपवर आम्ही चौघं. मी, बायको, वडील आणि सांगलीची आत्या. आत्याचा प्रत्येक कीटकाला एकच प्रश्न असतो: चावतो का? नाही म्हटलं की तिचा त्या जिवातला रस संपतो. वडील लिहायचे, “पाहिले.” कौतुक नाही, शंका नाही, फाइलवर सही केल्यासारखं. एकदा मी मुंगीचं हुबेहूब सोंग घेतलेला कोळी टाकला आणि खाली ‘अजब कीटक’ असं लिहिलं. तेव्हा मात्र उत्तर मोठं आलं: “पाय मोज.” मोजले. आठ निघाले. बायकोच्या नावापुढे नुसत्या दोन निळ्या खुणा यायच्या. त्या बघायला मी दिवसातून किती वेळा मोबाइल उघडायचो ते इथे सांगत नाही.

दसरा झाला, कराडचा पाऊस आटोपला, आणि वडिलांनी अचानक आकाश सुरू केलं. जेवणं झाली की ग्रुपवर फोटो. पहिले काही तर नुसते काळे. मी लिहिलं, बाबा, कॅमेऱ्यावरचं बोट काढा. त्यांनी लिहिलं, “बोट नाही. अंधार आहे. तुमच्याकडे नसतो.” हळूहळू ठिपके दिसू लागले. मोबाइल पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पालथा ठेवायचा, हात लावायचा नाही, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. शर्मिष्ठा, देवयानी, कृत्तिका, रोज खाली नाव. ज्या माणसाने आयुष्यात चंद्राकडेही फारसं कौतुकाने पाहिलं नव्हतं, त्याला निवृत्तीनंतर ब्रह्मांडाचं वेड लागलं होतं. मला वाटलं, हे माझ्या कीटकांना दिलेलं उत्तर आहे. मी चार पावलांत काय काय दाखवतो, तर हे थेट नक्षत्रं घेऊन आले. बढतीची हौस उशिरा आलेली दिसते, असंही मी मनात म्हटलं.

एक गोष्ट खटकायला हवी होती. त्यांच्या गच्चीवर लोखंडी शिडीने जावं लागतं. गुडघ्यामुळे ते टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायलाही शेजाऱ्याला पाठवायचे. मी विचारलं, गुडघ्याचं काय? उत्तर आलं, “खाली ठेवून येतो.” मी हसण्याचा चेहरा पाठवला आणि विषय संपला.

मग मीही आकाशात उतरायचं ठरवलं. बेहालाच्या आकाशाचा रंग रात्री विटकरी असतो आणि त्यात तारा शोधणं म्हणजे वरणात मोहरी शोधणं. पण एका संध्याकाळी पेरूच्या शेंड्यावर एक तेजस्वी ठिपका सापडला. फोटो काढला आणि ऐटीत लिहिलं: कोलकात्यातही तारे असतात. कराडहून उत्तर आलं, “हा तारा खांबावर आहे. डावा कोपरा बघ.” बघितलं. डाव्या कोपऱ्यात पानाआडून मेट्रोच्या पुलाचा कठडा दिसत होता. मी फोटो पुसून टाकला, पण आत्याने तोवर त्याला नमस्कार केला होता.

दिवाळीला मी कराडला गेलो नाही. रजा मंजूर झाली नाही असं कळवलं. रजा मी मागितलीच नव्हती, तेव्हा ती मंजूर न झाल्याचं सांगणं तसं खोटंही नव्हतं. इकडे कालीपूजेच्या सुमाराला दिव्यांभोवती बारीक हिरवे किडे थव्याने येतात, त्यांना श्यामापोका म्हणतात. ते चहात पडतात, कॉलरमध्ये शिरतात. मी व्हरांड्यात दिव्याखाली त्यांचे फोटो काढत होतो, तेव्हा मासीमा फराळाची म्हणून नारळाच्या लाडवांची बशी घेऊन खाली आल्या. “बौमा कोबे आश्बे?” त्यांनी विचारलं, म्हणजे सूनबाई कधी येणार. जूनपासून दर आठवड्याला विचारतात. मी नेहमीसारखं ‘लवकरच’ म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग किड्यांकडे बघितलं, आणि लाडवांवर दुसरी बशी उपडी घालून वर गेल्या. लाडू चांगले होते. ते सगळे मला एकट्याला संपवावे लागले, आणि त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं.

डिसेंबरात थंडी पडली आणि परस ओस पडलं. भुंगेरे गेले, तुडतुडे गेले. उरली ती काड्यांची अळी. ही अळी बारीक काड्या तोडून, रेशमाने बांधून अंगाभोवती घर करते आणि ते घर ओढत हिंडते. जूनमध्ये जाण्याच्या आदल्या दिवशी बायकोनेच ती पेरूवर मला दाखवली होती. म्हणाली होती, “ही तुझ्या बँकेतली. घर पाठीवर, आणि आत दुसऱ्याला जागा नाही.” नंतर मी या अळीबद्दल वाचलं. यांच्यातला नर पंख फुटले की उडून जातो आणि मादी जन्मभर त्या काड्यांच्या घरातच राहते. ही माहिती मी ग्रुपवर टाकली नाही.

आता तशीच एक अळी दोरीला लटकत होती. रविवारची सकाळ होती, ऊन छान होतं. मी जवळून फोटो काढला, अळी मधोमध, एकेक काडी मोजता येईल इतकी स्पष्ट. ग्रुपवर टाकला. ‘पाहिले’ येईल म्हणून वाट पाहत होतो, तर फोन वाजला. वडील स्वतःहून फोन करत नाहीत.

“अळी चांगली आलीये,” ते म्हणाले. “दोरीवर सूनबाईचं काही दिसत नाही.”

“धुवायला टाकलंय.”

“पावसाळ्यापासून?”

त्यांनी शांतपणे, नकाशातल्या चुका सांगाव्यात तसं सांगितलं. जुलैतल्या सोनेरी भुंगेऱ्यामागे एकच कप होता. शिंगवाल्या तुडतुड्याच्या वेळी दुसरी खुर्ची घडी करून भिंतीला लावली होती आणि ऑगस्टात तिच्यावर बुरशी आली. दोरीवर पहिल्या फोटोपासून नुसते बनियन, ओढणी एकदाही नाही. कोळ्याचा फोटो तर मी उंबऱ्यात काढला होता, तिथे चपलांचा एकच जोड. मी सहा महिने कीटक पाठवत होतो आणि ते सहा महिने चौकट वाचत होते.

“मग विचारलं का नाही?” मी चिडून म्हणालो. चिडायचा अधिकार कुणाचा होता, ते सोडा.

“विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. मग मला ते खरं धरून चालावं लागलं असतं.”

“आणि हे तारे?”

“मला आकाशातलं काय कळतंय? शेजारच्या मुलीला नावं विचारून लिहितो. जेवलास का, झोपलास का, हे तुला विचारता येत नव्हतं. आकाश पाठवलं की तू काहीतरी तिरकं लिहायचास. तिरकं लिहितोय म्हणजे बरा आहे, असं समजून मी खाली उतरायचो.”

त्या लोखंडी शिडीवर एक हात गुडघ्यावर ठेवून, पायरी पायरीने उतरणारा तो माणूस मला दिसला. मी उभा होतो तिथेच पेरूखाली बसलो आणि रडलो. त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला.

मग ते म्हणाले, “मी बढत्या सोडल्या त्या तुझ्या आईवर उपकार म्हणून नाही. तिच्याशिवाय मला राहवत नव्हतं, आणि ते मी तिला सांगितलं होतं. तू सांगितलंस का?”

मी ‘नाही’ म्हणालो. ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. इतक्या वर्षांत मी बायकोशी सरळ वाक्य बोललो असेन ते फक्त किराण्याबद्दल. मग मी न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, जेवढं मागे सरकता येईल तेवढा सरकलो, आणि अख्ख्या परसाचा फोटो काढला. बुरशी आलेली खुर्ची, एक कप, मधे झोळ पडून जमिनीला टेकायला आलेली दोरी, तिच्यावर माझे दोन बनियन आणि एक टॉवेल. कीटक एकही नाही. काही कापलं नाही. खाली लिहिलं, ‘मला इथे एकट्याला राहवत नाही. मी बंगळूरला बदली मागतोय. मे महिन्यात हसायला नको होतं.’ आणि ते तिला वेगळं न पाठवता ग्रुपवरच टाकलं, कारण वेगळं पाठवायचं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्यातलं काहीतरी मी खोडलंच असतं.

आत्याने विचारलं, यात किडा कुठे आहे? तिला कुणीच उत्तर दिलं नाही.

बायकोच्या नावापुढे निळ्या खुणा आल्या. मग ती काहीतरी लिहितेय असं दिसलं, थांबली, पुन्हा लिहू लागली. वरून मासीमांनी खिडकीतून विचारलं की एवढा वेळ उन्हात काय करतोयस. मी हात हलवला. मग जूनपासूनचा तिचा पहिला मेसेज आला.

“दोरी किती खाली आलीये. शनिवारी येतेय, घट्ट बांधू. मग बघू.”

त्याच्याखाली लगेच कराडहून आलं, “पाहिले.” त्या रात्री ग्रुपवर आकाशाचा फोटो आला नाही.