रिजेक्टबाबूंची बोट

आमच्या भावजींनी आयुष्यात पहिल्या झटक्यात काही पास केलं असेल, तर मला आठवत नाही. लढाईचं सामान बनवणाऱ्या फॅक्टरीत ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग मापाला लावायचा आणि केसभर फरक निघाला तरी बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. अख्खी फॅक्टरी त्यांना रिजेक्टबाबू म्हणायची. फॅक्टरीत ते ठीकच होतं हो. पण तेच डोळे घेऊन माणूस घरी जेवायला बसायचा. पोळी उजेडात धरून म्हणायचे, "सुमन, एका कडेला जाड आहे." थोरला दीर, म्हणून मी गप्प बसायची. मनातल्या मनात मात्र लाटणं आपटायची.

अशा माणसाला पासष्टच्या लढाईच्या थोडं आधी बोटीचा नाद लागला. हातभर लांबीची पत्र्याची बोट, पण खरोखरच्या वाफेवर चालणारी. पोटात इवलासा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, पुढे बोटभर सिलिंडर. तांबं तेव्हा बाजारात मिळत नव्हतं आणि फॅक्टरीतून आणायचं तर भावजी गेटवर पँटच्या दुमडी झटकून बाहेर पडणारे. तांब्याचा कीससुद्धा घरी यायचा नाही. मग माझ्या माहेरच्या तांब्याच्या गडूवर संक्रांत आली. मला त्यांनी विचारलं, नाही असं नाही. पण कापून झाल्यावर.

बोट होती मामंजींसाठी. माझे सासरे जन्मभर रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. आता गुडघे गेले होते, छातीही कमजोर झाली होती. खाटेवरून अंगणापर्यंत, एवढीच त्यांची धाव. वाफेवर काहीतरी चालताना एकदा पुन्हा बघायचं, ही एकच हौस त्यांची उरली होती आणि ती ते दिवसातून दोनदा बोलून दाखवायचे.

दर रविवारी आमची वरात गढ्याच्या तलावावर निघायची. मामंजी सायकलरिक्षात, माझ्या हातात गरम पाण्याचा थर्मास. भावजी बॉयलर भरायचे, दिवा पेटवायचे, वाफ धरायची. आम्ही श्वास रोखून उभे. मग भावजी सिलिंडरजवळ कान न्यायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि फू करून दिवा विझवायचे. "गळून राहिलंय. आज नाही."

"अरे, काहून सोडत नाही रे?" मामंजी चिडायचे. "माझी सगळी इंजिनं गळायची. गळत गळत इटारशीला पोचायची."

"बाबा, तुमच्या रेल्वेत चालत असेल. मी गळणारी वस्तू पुढे जाऊ देत नाही."

"भावजी, बोट काय लढाईवर जाऊन राहिली आहे का?" एकदा मी बोलून गेले. त्यांनी मनावर घेतलं नाही. "चलो, पुढच्या रविवारी," म्हणून सायकलला टांग मारली. असे किती रविवार गेले, ते मला विचारू नका.

पुढे लढाईने ते रविवारही खाल्ले. भावजींना सतत ओव्हरटाइम. मामंजींना आता चार शब्द बोलले की धाप लागायची. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "सुमन, बोट काढ."

मी काढली. तलावावर मामंजींनी स्वतः दिवा पेटवला. वाफ धरल्यावर सिलिंडरला जोडलेलं चाक बोटाने फिरवत राहिले. "थंड इंजिनात वाफेचं पाणी होतं. ते आधी बाहेर पडू दे," म्हणाले. सिलिंडरने दोन-तीनदा गरम पाणी थुंकलं आणि मग चाक आपलं आपण फिरायला लागलं. मी बोट पाण्यावर सोडली. टुकटुक करत, मागे पांढरी वाफ सोडत ती निघाली की हो! शिंगाडे तोडणारा एकजण कमरेइतक्या पाण्यात उभा होता, तो ओरडला, "अरे बाबूजी, चल पड़ी! चल पड़ी!"

तेवढ्यात भावजी आले. शिफ्ट सुटल्यावर घरी बोट दिसली नाही, म्हणून तसेच सायकल मारत आले होते. ना बापाकडे बघणं, ना माझ्याकडे. काठावर उकिडवे बसले आणि तिच्याकडे हात करून म्हणाले, "बघा, सिलिंडरपाशी गळतंय. हेच तर सांगून राहिलो होतो!"

"गळू दे रे! चालून राहिली ना!"

स्पिरिट संपेपर्यंत भावजी त्या गळतीबद्दलच बोलत होते. त्यांना उचलून तलावात टाकावं, इतका संताप आला मला.

त्याच हिवाळ्यात मामंजी गेले.

भावजी मात्र बोट दुरुस्त करतच राहिले. सिलिंडर पुन्हा घासला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला. दोनेक वर्षांनी एका रविवारी ते मला तलावावर घेऊन गेले. बोट सुटली, मोठा वळसा घेऊन बरोबर आमच्या पायाशी परत आली. वाफेचा एक धागाही कुठून निसटत नव्हता.

"झालं मनासारखं?" मी फटकन विचारलं.

भावजींनी बोट उचलली नाही. पाण्याकडेच बघत होते. "सुमन, त्या दिवशी बाबा हसले होते का गं? मी गळतीकडेच बघून राहिलो होतो."

मी त्यांच्याशेजारी काठावर टेकले.

"हसले होते," मी म्हटलं. "टाळ्या वाजवल्या त्यांनी. टोपी खाली पडली, तरी उचलली नाही."

भावजींनी मान हलवली. म्हणाले, "पुन्हा सांग."