‘नका’मधला न

रिपोर्टवर फक्त माझी सही राहिली होती. फोन सगळ्या टेस्ट पास झाला होता. फोन बनवणाऱ्या कंपनीच्या माथुरांनी सकाळपासून दोनदा विचारलं होतं, “मैडम, रिपोर्ट आज निकल जाएगी ना?” मी दोन्ही वेळा हो म्हणाले होते.

मी नागपुरातल्या एका टेलिकॉम टेस्टिंग लॅबमध्ये इंजिनिअर आहे. बाजारात येण्याआधी फोन आमच्याकडे येतो. जगातले सगळे फोन आणि सगळी नेटवर्कं एकाच नियमावलीप्रमाणे बोलतात. त्या नियमावलीला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. फोन स्टँडर्डप्रमाणे वागतो का, हे तपासणं म्हणजे कन्फॉर्मन्स टेस्टिंग. त्यासाठी ठरलेली यादी असते आणि नेटवर्कचं सोंग घेणारं एक मशीन असतं. फोन विद्यार्थी, मशीन परीक्षक, यादी म्हणजे पेपर. दुसरा प्रकार इंटरऑपरेबिलिटी टेस्टिंगचा. त्यात परीक्षक नसतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं समोरासमोर ठेवायची आणि त्यांना एकमेकांचं बोलणं समजतं का ते बघायचं. माथुरांनी फक्त पहिल्या प्रकाराचे पैसे भरले होते.

फोन साधा, बटणांचा, मोठ्या अक्षरांचा होता. कंपनी तो खेड्यापाड्यात विकणार होती. पूर आला, वीज पडणार असली की सरकारकडून टॉवरमार्फत एकदम सगळ्या फोनवर इशारा येतो, आणि फोन जोरात वाजतो. त्या इशाऱ्याची टेस्ट यादीत होती आणि फोन त्यातही पास होता.

सही करण्याआधी मी यादी एकदा वरून खाली वाचते. माझी सवय आहे. तेव्हा लक्षात आलं की इशाऱ्याच्या टेस्टमधला मजकूर दोनच शब्दांचा आहे. एका पानात मावणारा. हे इशारे पानापानांचे तुकडे होऊन जातात, आणि आपल्या लिपीत एका पानात चाळीसच अक्षरं बसतात. मशीनच्या हिशेबात कानासुद्धा वेगळं अक्षर, वेलांटीसुद्धा वेगळं अक्षर. मराठीतलं धड एक वाक्य लिहिलं तरी दुसरं पान लागतं. म्हणजे हा फोन जिथे विकला जाणार होता, तिथला खरा इशारा कोणी पाठवून बघितलाच नव्हता.

शेजारच्या रॅकमध्ये दुसऱ्या एका परदेशी कंपनीचा इशारे पाठवणारा सर्व्हर होता. तो वेगळ्या कामासाठी आला होता आणि त्या दिवशी रिकामा होता. मी त्यांच्या माणसाची परवानगी काढली आणि लांजेवारजींना हाक मारली. लांजेवारजी आमचे टेक्निशियन, लॅब सुरू झाली तेव्हापासूनचे. रिटायरमेंट जवळ आली आहे, पण केबल जोडावी तर त्यांनीच.

“अर्ध्या तासाचं काम आहे,” मी म्हटलं.

“तुमचा अर्धा तास मले माहीत आहे, मॅडम,” म्हणत त्यांनी जोडणी करून दिली.

मजकूर काय लिहायचा? माझे मामा पारशिवनीकडे, नदीकाठच्या गावात राहतात. उन्हाळ्यात तिथले लोक नदीच्या रेतीत डांगरवाड्या लावतात, टरबूज-काकडी पिकवतात. धरणाचं पाणी सुटायच्या आधी दवंडी देतात, ती रेतीत किती जणांना ऐकू जाते कोण जाणे. ते डोक्यात होतं म्हणून मी लिहिलं: “धरणातून पाणी सोडत आहोत. नदीपात्रात उतरू नका.”

फोन शील्ड रूममध्ये होता. ही पत्र्याची बंद खोली, बाहेरचा सिग्नल आत नाही, आतला बाहेर नाही. लांजेवारजी आत होते. फोनची स्क्रीन उजळलेली मला खोलीच्या जाळीदार काचेतून दिसली. ते बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“मॅडम, हा फोन तर आपल्यालेच विचारून राहिला.”

“काय विचारतोय?”

“नदीपात्रात उतरू का म्हणून.”

मला वाटलं, गंमत करतायत. आत जाऊन पाहिलं. स्क्रीनवर स्वच्छ मोठ्या अक्षरांत होतं: “धरणातून पाणी सोडत आहोत. नदीपात्रात उतरू का.”

पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. मी कागदावर अक्षरं मोजली. ‘उतरू’नंतरच्या रिकाम्या जागेला चाळीस भरत होते. दुसरं पान ‘नका’पासून सुरू होत होतं, आणि त्यातलं पहिलं अक्षर फोन गिळत होता.

असं का होतंय, ते शोधायला संध्याकाळ गेली. इशारा कोणत्या भाषेतला आहे हे सांगणारी एक छोटी खूण मजकुराच्या आधी जाते. ती बरोबर एका अक्षराची जागा घेते. परदेशी सर्व्हर ही खूण फक्त पहिल्या पानावर लावत होता. फोन ती प्रत्येक पानावरून कापत होता. दुसऱ्या पानावर खूण नव्हतीच, म्हणून कापला गेला तो न. मी स्टँडर्ड उघडलं. वाक्य होतं, ‘संदेशाच्या सुरुवातीला भाषेची खूण असावी.’ आता संदेश म्हणजे अख्खा इशारा की एकेक पान? तेवढंच लिहायचं राहून गेलं होतं. दोन्ही कंपन्यांनी वाक्य आपापल्या परीने वाचलं होतं, आणि दोघंही आपापल्या टेस्टमध्ये पास होते.

दुसऱ्या दिवशी आमचे लॅब प्रमुख खोलकुटे सर, मी आणि व्हिडिओवर माथुर असे बसलो.

माथुर चिडले होते, आणि त्यांच्या जागी मीही चिडले असते. “मैडम, आपकी लिस्ट में ये टेस्ट है क्या?”

“नहीं है।”

“तो हम पास हैं। रिपोर्ट दीजिए। एक अक्षर ही तो गया है, लोग समझ जाएँगे।”

खोलकुटे सरांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या शहरातल्या लॅब आमचे क्लायंट न्यायला बसल्याच आहेत. ते हळू आवाजात म्हणाले, “रामटेके, तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाहीत.”

“नाहीतच सर. पण समजतं का ते एकदा विचारून बघू या?”

मी मामांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“काय वं पोरी, कामाच्या टायमाले फोन?”

“मामा, एक मेसेज वाचून दाखवते. तो तुमच्या फोनवर आला तर काय कराल सांगा.” मी स्क्रीनवर होतं तसं वाचलं, एकही शब्द न बदलता.

मामा म्हणाले, “कोणी पाठवलं हे? तो मले काहून विचारून राहिला? आपली वाडी असंन त् उतर म्हणा बाप्पा, मी काय मना करू का?”

मी माथुरांसाठी हिंदीत सांगितलं, की यांनी नदीत उतरायला परवानगी दिली आहे.  पलीकडून मामा विचारत होते, “पाणी सोडून राहिले का वं खरंच?” नाही, टेस्ट आहे, असं सांगून मी फोन ठेवला.

खोलकुटे सर म्हणाले, “माथुरजी, रिपोर्ट आज ही जाएगी। पास लिखेंगे, क्योंकि आप पास हैं। नीचे मैडम की टिप्पणी भी जाएगी।”

टिप्पणी लिहायला मला पास-नापासच्या सगळ्या पानांपेक्षा जास्त वेळ लागला. काय पाठवलं, काय दिसलं, कुठलं अक्षर गेलं, एवढंच लिहिलं. शेवटी एक ओळ होती: दोष कोणत्या यंत्राचा, हे स्टँडर्डच्या सध्याच्या शब्दांवरून ठरवता येत नाही. ती ओळ काढून ‘फोनचा दोष’ लिहिणं सोपं होतं. फोनच तर समोर होता.

मग मी स्टँडर्ड बदलण्याचा प्रस्ताव लिहिला. कोणीही लिहू शकतं, पण बहुतेक मोठ्या कंपन्याच लिहितात. आपल्या देशातल्या समितीमार्फत तो आंतरराष्ट्रीय गटाकडे गेला. काही महिन्यांनी ऑनलाइन बैठकीत मला दहा मिनिटं मिळाली. सर्व्हर कंपनीचा माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला की तक्रार कोणाचीच आलेली नाही, मग शब्द कशाला बदलायचे? मी स्क्रीनवर दोन ओळी दाखवल्या, पाठवलेली आणि पोचलेली. वरची मनाई आहे, खालचा प्रश्न आहे, एवढंच सांगितलं.

 मग इथिओपियाच्या एक बाई बोलल्या. त्यांच्या भाषेत नकार क्रियापदाच्या सुरुवातीलाच चिकटतो. पान तिथे तुटलं तर पहिल्या अक्षराबरोबर नकारही जातो. त्या म्हणाल्या, “आमची तक्रार आली नाही, कारण आम्हाला काय गेलं हे कळलंच नसतं.” त्यानंतर शब्द कशाला बदलायचे, असं कोणी विचारलं नाही. फक्त कसे बदलायचे, यावर वाद झाला.

निकाल लागला: खूण प्रत्येक पानावर हवी.

म्हणजे फोन बरोबर होता. चुकला होता तो सर्व्हर.

माथुरांचा फोन त्याच दुपारी आला. “मैडम, हमारा फोन सही निकला।”

“जी, सही निकला। बधाई हो।”

ते हसले. मग म्हणाले की टिप्पणी मिळाल्यावर त्यांनी सॉफ्टवेअर तेव्हाच बदललं होतं. दुसऱ्या पानावर तीच खूण असेल तरच कापायची, नसेल तर ते अक्षर समजायचं. समोरचा सर्व्हर चुकला तरी त्यांच्या फोनवर ‘नका’ पूर्ण दिसतं. पुढचं मॉडेलही त्यांनी आमच्याकडेच पाठवलं, आणि या वेळी दोन्ही टेस्टसाठी.

स्टँडर्डच्या यादीत आता दोन पानांच्या इशाऱ्याची एक नवी टेस्ट आहे. तिच्यातला नमुना मजकूर म्हणून गटाने माझीच ओळ ठेवली. ज्यांना मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही, असे इंजिनिअर कुठल्या कुठल्या देशांत ती पाठवतात आणि चित्र जुळवल्यासारखी जुळवून पाहतात. लांजेवारजींनी त्या पानाचा प्रिंटआउट मागून घेतला. सगळं पान इंग्रजी, मध्ये एक ओळ मराठी. त्यांनी ती मोठ्यांदा वाचली आणि म्हणाले, “आता बरोबर मना करून राहिला.” त्या दिवशी मला जितका अभिमान वाटला, तितका नोकरी लागली त्या दिवशीही वाटला नव्हता. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

नव्याने रुजू होणाऱ्यांना मी एवढंच सांगते. कोण बरोबर, हा एक प्रश्न आहे. निरोप पोचला का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर समिती देते, आणि तिला वेळ लागतो. आपल्याला पगार दुसऱ्या प्रश्नाचा मिळतो.